जर्कीसाठी मांडीचे मांसच का? : पार्श्वभूमी

घरी जर्की, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, करू पाहणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो मांसाच्या निवडीचा: मागच्या मांडीचे, कमी चरबीचे मांस घ्यावे आणि चरबीचे जाळे असलेले तुकडे भाजण्यासाठी ठेवावेत. मांसातले पाणी वाळवता येते, चरबी मात्र वाळत नाही आणि साठवणीत खवट होते, एवढेच त्यामागचे कारण आहे. वीजयंत्रे येण्यापूर्वी शतकानुशतके मांस वाळवणाऱ्या समाजांनी ते वेगवेगळ्या वाटांनी ओळखले होते.

जर्की हे नाव अँडीज पर्वतातील केचुआ भाषेतल्या ‘चार्की’वरून स्पॅनिशमार्गे आले. तेथील उंच पठारांवर लामा आणि अल्पाका या प्राण्यांचे मांस रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत आणि दिवसाच्या कडक उन्हात आळीपाळीने ठेवून सुकवले जाई. इंका राज्यात असा शिधा रस्त्यांलगतच्या कोठारांत साठवला जात असे. प्राणी मुळातच कमी चरबीचे आणि हवा कोरडी, त्यामुळे कोणता भाग घ्यावा याची चिंता तेथे फारशी नव्हती.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील आदिवासी समाजांनी चरबीचा प्रश्न अधिक हुशारीने सोडवला, असे म्हणावे लागेल. बायसनचे चरबीविरहित मांस पातळ पट्ट्यांत वाळवून ते कुटायचे आणि त्यात वेगळी वितळवलेली चरबी, कधी सुकी बोरवर्गीय फळेही, मिसळून कातडी पिशव्यांत भरायचे, अशी पेमिकनची रीत होती. चरबी त्यांना हवीच होती. नको होती ती मांसात ओलाव्यासह अडकलेली चरबी. फर-व्यापाऱ्यांच्या होड्या या शिध्यावर इतक्या अवलंबून होत्या की 1814 मध्ये आजच्या कॅनडातील रेड रिव्हर वसाहतीचे गव्हर्नर माइल्स मॅकडोनेल यांनी पेमिकन बाहेर नेण्यावर बंदी घालताच मेटी समाज (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे लोक) आणि फर-व्यापार करणारी नॉर्थ वेस्ट कंपनी खवळली. त्या वैराची परिणती 1816 च्या सेव्हन ओक्सच्या रक्तपातात झाली.

दक्षिण ब्राझीलमधील पेलोतास येथे अठराव्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या कारखान्यांनी मिठावर भर दिला. जनावराचे मांस रुंद चादरींसारखे उलगडून, भरपूर मीठ लावून, थप्प्या रचून मग उन्हात टाकले जाई. मिठाच्या जोरावर जाड आणि चरबीयुक्त भागही टिकत. ते प्रामुख्याने गुलामांच्या आहारासाठी विकले जाई आणि तयार करणारे हातही गुलामांचेच होते. दक्षिण आफ्रिकेच्या बिल्टाँगमध्ये व्हिनेगर, मीठ आणि धणे लावलेल्या जाड पट्ट्या टांगून सुकवतात आणि खाताना कापतात. पातळ पट्टीची अट, थोडक्यात, सगळीकडे नव्हती.

आजच्या घरगुती जर्कीत ती आली, कारण जाड पट्टी आतपर्यंत वाळण्यास फार वेळ घेते. म्हणून मांस अर्धवट गोठवून सुमारे 6 मिलिमीटर जाडीचे काप काढण्याची शिफारस केली जाते. तंतूंच्या दिशेने कापल्यास जर्की चिवट होते, आडवे कापल्यास सहज तुटते.

केवळ कमी चरबीने मात्र सुरक्षितता येत नाही. 1995 मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात घरी केलेल्या हरणाच्या जर्कीतून ई. कोलाय ओ157:एच7 या जिवाणूची बाधा 11 जणांना झाली. हरणाचे मांस तर अत्यंत कमी चरबीचे, पण ते साठ अंश सेल्सियसहून कमी तापमानात सुकवलेले होते. ओल्या मांसातून बाष्पीभवन होत असताना पट्टी वाळवण्याच्या यंत्रातल्या हवेइतकी तापत नाही आणि कोरडे पडलेले जिवाणू उष्णतेला अधिक दाद देत नाहीत. यामुळेच अमेरिकी कृषी खाते वाळवण्याआधीच गोमांस 71 अंशांपर्यंत आणि कोंबडी 74 अंशांपर्यंत तापवण्यास सांगते. खिम्याच्या जर्कीत ही पायरी अधिकच महत्त्वाची, कारण अखंड तुकड्याच्या पृष्ठभागावर राहणारे जिवाणू दळताना आतपर्यंत मिसळतात. अस्वलासारख्या शिकारीच्या मांसातील ट्रायकिनेला कृमींचे काही प्रकार तर गोठवूनही मरत नाहीत, तेव्हा तेथे पुरेशी उष्णता हाच उपाय राहतो.