टेस्टोस्टेरॉन उपचार आणि मेंदूचा एमआरआय: संशोधनातला अर्ज नेमका कुठे अडतो

कर्करोगातून बरे झाल्यावर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) कमी पडलेल्या पुरुषांना ते बाहेरून दिलं, तर मेंदूत काय बदलतं? एमआरआय करून हे तपासणाऱ्या संशोधनात नाव नोंदवणं सोपं आहे. फॉर्म भरायचा, फोनवर चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, तपासणीची तारीख घ्यायची. माणसं बाद होतात ती पुढे, कागदांवरून.

पहिली अडचण रक्ताच्या रिपोर्टची. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. त्यामुळे दुपारच्या नमुन्यातला कमी आकडा सहसा धरत नाहीत. सकाळी लवकर, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त द्या. ताप किंवा दुसरं आजारपण असेल तर थांबा, कारण तेव्हा पातळी तात्पुरती घसरते. पात्र ठरण्यासाठी पातळीची वरची मर्यादा बऱ्याचदा डेसिलिटरला ३०० नॅनोग्रॅमच्या आसपास असते. काही लॅब लिटरला नॅनोमोल या एककात रिपोर्ट देतात, तिथे हाच आकडा १०.४ दिसतो, म्हणून आधी एकक बघा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आधीच सांगा. काही चाचण्यांत त्यामुळे टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं आणि पात्र माणूस उगाच बाहेर पडतो.

दुसरा कागद जवळपास कुणाकडेच नसतो: कर्करोगाच्या उपचारांचा सारांश. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. केमोची औषधं, त्यांचा एकूण डोस, रेडिएशन कुठे आणि किती ग्रे (रेडिएशनच्या डोसाचं एकक) दिलं, हे सगळं त्यात हवं. डोक्याला रेडिएशन झालं असेल तर ही माहिती फारच महत्त्वाची, कारण पिट्युटरीला (संप्रेरकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या मेंदूतल्या ग्रंथीला) आणि मेंदूला त्यानेच इजा झालेली असू शकते. जुन्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाला आजच लेखी अर्ज करा. या कागदाला वेळ लागतो हे माहीत असूनही तो अगदी शेवटी मागितला जातो, आणि धावपळ होते ती रुग्णाची. ‘उपचार संपल्याची तारीख’ म्हणजे शेवटच्या केमोची किंवा रेडिएशनची तारीख. शेवटच्या फॉलोअपची तारीख लिहून अनेकांनी हातातली संधी घालवली आहे.

शरीरात पेसमेकर, शस्त्रक्रियेतली क्लिप, केमो पोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) असं काही बसवलेलं असेल तर इम्प्लांट कार्ड, म्हणजे त्या उपकरणाची माहिती असलेलं कार्ड, लागेल. ‘टायटॅनियमचं आहे’ असं तोंडी सांगून चालत नाही, मॉडेल कळावं लागतं. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचं काम केलं असेल तर तेही लपवू नका, डोळ्यात राहिलेला धातूचा कण एमआरआयच्या चुंबकाने हलू शकतो.

प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग झालेल्यांना आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) जास्त असणाऱ्यांना सहसा घेत नाहीत. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी नीट बोला, बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे शुक्राणू तयार होणं मंदावतं, कधी थांबतंही. आधीपासून जेल किंवा इंजेक्शन चालू असेल तर पात्र ठरण्यासाठी ते स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्लासिबो गट (ज्यांना खऱ्या औषधाऐवजी तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं काही दिलं जातं) असेल तर संशोधन संपल्यावर त्या गटाला खरं औषध मिळणार का, हे सही करण्याआधी विचारा आणि मिळालेलं उत्तर संमतीपत्रात लिहिलेलं आहे का, ते स्वतः वाचून बघा.