कंट्रोलर आणताना टीव्हीखालच्या कप्प्याचा फोटोही आणा

'वायरलेस बिघडलंय' म्हणून आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच गेम कंट्रोलरना काहीही झालेलं नसतं. दुरुस्तीवर पोट असणाऱ्यानं हे छापून वाटायचं म्हणजे कमालच, पण काउंटरवर तेच ते सांगून घसा बसला, म्हणून हा कागद.

तक्रार ठरलेली असते. बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते. दांडी (स्टिक) सोडली तरी गाडी क्षणभर वळतच राहते. ऐन सामन्यात कनेक्शन जातं आणि दोन सेकंदांत परत येतं. आम्ही कंट्रोलर आमच्या बाकावरच्या कन्सोलला, म्हणजे गेम चालवणाऱ्या डब्याला, पेअर करतो, तासभर खेळतो, तो एकदाही अडकत नाही. तुम्ही घरी नेता आणि चार दिवसांनी परत येता, या वेळी आवाज थोडा चढवून. त्यात तुमची चूक नाही आणि आमचीही नाही. दोष घरी राहिलेला असतो आणि तुम्ही कंट्रोलर तेवढा उचलून आणलेला असतो.

एक गृहस्थ असे तीनदा आले. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, कंट्रोलर राहू द्या, कन्सोल कुठे ठेवलाय ते दाखवा. त्यांनी मुलाला फोन करून फोटो मागवला. बंद दाराचं कपाट, आत कन्सोल, त्याच्या डोक्यावर राउटर, आणि पुढच्या यूएसबी पोर्टला वीतभर केबलनं लटकलेली हार्ड डिस्क, कन्सोलला अगदी खेटून. मुलाला विचारलं, नेमकं कधी अडकतं? तो म्हणाला, "नवीन भाग लोड होताना." म्हणजे डिस्क कामाला लागते तेव्हाच. डिस्क काढली आणि तक्रार संपली. कंट्रोलरचा एक स्क्रूही आम्ही फिरवला नव्हता.

असं का होतं

बहुतेक वायरलेस कंट्रोलर ब्लूटूथवर किंवा त्याच्या शेजारच्या कुठल्या तरी पद्धतीवर चालतात, आणि त्यांचा रेडिओ लहरींचा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून तिथे सगळ्यांचीच गर्दी. जुना वायफाय तिथे, वायरलेस माउस तिथे, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच. ब्लूटूथ या गर्दीतून वाट काढतं ते उड्या मारून. मूळ ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतं, आणि २००३ च्या आवृत्तीपासून खराब चॅनेल ओळखून टाळायलाही शिकलं आहे. एखादा राउटर त्याला सहसा आडवा पाडू शकत नाही.

यूएसबी ३ ची, म्हणजे अशा डिस्क ज्यावर चालतात त्या वेगवान यूएसबीची, गोष्ट वेगळी. त्या केबलमधून डेटा सेकंदाला ५ गिगाबिट वेगानं धावतो आणि त्याची विद्युत खरखर नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरते. इंटेलनं स्वतःच २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण काढलं होतं, म्हणजे आम्ही काही नवा शोध लावलेला नाही. डिस्कच्या डबीचं किंवा केबलचं कवच हलकं असेल तर ही खरखर बाहेर पडते. ती एका चॅनेलवर नसते, सगळ्या पट्ट्यावर पसरते. मग उडी मारून जाणार कुठे? डिस्क कन्सोलच्या अँटेनापासून दोन बोटांवर आणि कंट्रोलर दहा फुटांवर. कानाशी कुणी पत्रा बडवत असताना खोलीच्या टोकाकडून येणारी कुजबुज ऐकायची, तसा प्रकार.

संगणकावर खेळणाऱ्यांचं हे दुखणं जास्तच तीव्र. डोंगल, म्हणजे कंट्रोलरचा सिग्नल घेणारा यूएसबीचा छोटा तुकडा, मागच्या पोर्टमध्ये, शेजारच्याच पोर्टमध्ये डिस्क. डोंगलला साधी यूएसबी २ ची एक्स्टेन्शन केबल लावून तो टेबलावर पुढे आणला की नव्वद टक्के काम होतं, हे मी अंदाजानं सांगतो, मोजून नाही. अशी केबल आमच्याकडे मिळते. घरात जुनी पडलेली असेल तर तीच वापरा.

घरी अर्धा तास काढा

डिस्क, हब, वीज घेणारी शोभेची दिव्यांची पट्टी, जे जे यूएसबीला लावलंय ते सगळं काढा आणि कन्सोलच्या आतल्या स्टोरेजवरचा एखादा गेम अर्धा तास खेळा. अडकणं थांबलं तर चोर सापडला. डिस्क फेकून देऊ नका. थोडी लांब, चांगल्या कवचाची केबल घ्या, ती मागच्या पोर्टला लावा आणि डिस्क कन्सोलपासून हातभर दूर ठेवा.

"पण मी केबल लावूनही खेळून पाहिलं, तरी अडकतो," असं पुष्कळजण सांगतात. प्लेस्टेशनवाल्यांनी इथे जरा थांबावं. पीएस ४ आणि पीएस ५ वर केबल लावली तरी कंट्रोलर फक्त चार्ज होत असेल आणि बोलणं ब्लूटूथवरच चालू असेल, असं होऊ शकतं. सेटिंगमध्ये ॲक्सेसरीजखाली (पीएस ४ वर डिव्हाइसेसखाली) कंट्रोलरची संपर्काची पद्धत असते, ती 'यूएसबी केबल' करा आणि मग ही चाचणी घ्या. हे न केल्यानं किती चांगले कंट्रोलर आमच्याकडे नाहक उघडले गेले असते, विचारू नका.

कनेक्शन कधीच तुटत नाही, फक्त सगळं सारखंच उशिरा होतं, असं असेल तर आधी टीव्हीकडे बघा. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं. रंग खुलवण्याच्या, हालचाल गुळगुळीत करण्याच्या नादात टीव्ही त्याच्या कितीतरी पट वेळ खातो. टीव्हीचा गेम मोड चालू करा, फुकट आहे.

दांडीला हात न लावता गेममधली बाहुली आपोआप सतत एकाच दिशेला सरकत असेल तर तो ड्रिफ्ट. त्याचा वायरलेसशी काही संबंध नाही, तो खरोखरचा आजार आहे. तो घेऊन या, स्टिकचं मॉड्यूल बदलून देतो. आणि कंट्रोलर मध्ये कधी फोनला किंवा लॅपटॉपला जोडला असेल तर तेवढं तोंडानं सांगा. तो अजून त्यांच्याकडेच जात असतो आणि आपण इथे त्याला हाका मारत बसतो.

तपासणीचे पैसे का

दोष सापडला नाही तरी आम्ही तपासणीचं शुल्क घेतो, यावर नाराजी असते. बाकावर कंट्रोलर तासभर चालवायला माणूस बसवावा लागतो, आणि 'यात काही बिघाड नाही' हे खात्रीनं सांगणं बिघाड शोधण्यापेक्षा अवघड असतं. उगाच बटणाखालची रबरं बदलून बिल फाडणं आम्हाला सोपं गेलं असतं. मात्र फोटो घेऊन आलात आणि काउंटरवर उभ्या उभ्याच कारण दिसलं, तर एक पैसा घेत नाही.

'नवा कन्सोल आला की हे सुटेल ना?'

हा प्रश्न आता दिवसाला एकदा तरी येतो. उत्तर अर्धं हो, अर्धं नाही.

कंट्रोलर सुधारणार, यात शंका नाही. २००२ मध्ये निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलसाठी वेव्हबर्ड हा कंट्रोलर आला तेव्हा वायर नसलेला कंट्रोलर ही चैन होती. २००६ मध्ये निन्टेन्डोचा वी (Wii) आणि पीएस ३ हे दोन्ही कन्सोल ब्लूटूथ घेऊन आले आणि वायर मागे पडली. कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथमध्ये दोन संपर्कांमधला वेळ इतके दिवस कमीत कमी ७.५ मिलिसेकंद होता. २०२५ च्या ६.२ आवृत्तीनं तो ०.३७५ मिलिसेकंदांपर्यंत खाली आणण्याची सोय केली आहे. म्हणजे एका चित्राच्या वेळात कंट्रोलर दोनदा नव्हे, चाळीसहून जास्त वेळा बोलू शकेल. पण त्यासाठी दोन्ही टोकांना ते जाणणारी चिप हवी, आणि पट्टा तोच २.४ चा. डिस्क खेटून ठेवलीत तर वेगानं बोलणाराही ऐकू येणार नाही.

मला स्वतःला जास्त उत्सुकता आहे अल्ट्रा वाइडबँड या रेडिओची. तो किमान ५०० मेगाहर्ट्झ रुंद पट्टा वापरून अतिशय छोटे स्पंद सोडतो आणि ते पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो, काही सेंटिमीटरच्या फरकानं. २०१९ पासून फोनमध्ये आणि पुढे गाड्यांच्या किल्ल्यांमध्येही तो आला. कन्सोलमध्ये आला तर कंट्रोलर खोलीत नेमका कुठे आहे, कुणाच्या हातात आहे, हे कॅमेऱ्याशिवाय कळेल. वीच्या काळात हे काम इन्फ्रारेडवर चालायचं. टीव्हीवर ठेवायच्या त्या 'सेन्सर बार'मध्ये सेन्सर नव्हताच, नुसते दिवे होते. बघणारा डोळा रिमोटच्या नाकात होता. हे सांगितलं की अजूनही लोक दचकतात.

चित्रच बिनतारी पाठवायचं तर वरचे पट्टे लागतात. २०१२ च्या वी यू (Wii U) कन्सोलनं कन्सोलवरचं चित्र ५ गिगाहर्ट्झवरून हातातल्या गेमपॅडवर पाठवलं होतं. २०१८ मध्ये व्हाइव्हच्या, डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटसाठी ६० गिगाहर्ट्झचा अडॅप्टर आला. तिथे जागा भरपूर आणि गर्दी नाही, पण माणूस मध्ये आला तरी लहर अडते. मधल्या ६ गिगाहर्ट्झच्या वायफायवर माझा जास्त भरवसा आहे. गर्दीपासून दूर आणि खोलीभर पोचणारा. तरी एक लक्षात घ्या, पट्टा जितका वरचा तितकं लाकूड, पत्रा आणि माणसाचं अंग त्याला जास्त अडवतं. आज बंद कपाटात कसाबसा चालणारा कन्सोल उद्या तिथे गुदमरेल. आणि उद्याच्या डब्यात हे सगळे रेडिओ एकत्र दाटीवाटीनं बसलेले असतील.

आवाजाच्या, कानावरच्या हेडसेटबद्दल थोडक्यात, कारण पैसे इथेच वाया जातात. पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज साध्या ब्लूटूथ हेडफोनला थेट आवाज देत नाहीत. निन्टेन्डोच्या स्विचला ही सोय २०२१ मध्ये अपडेटनं मिळाली, पण ती वापरताना दोनच वायरलेस कंट्रोलर जोडता येतात आणि हेडफोनचा माइक चालत नाही. कंपन्यांचा हा निव्वळ हट्ट नाही. नेहमीच्या ब्लूटूथ आवाजाला इतका उशीर होतो की गोळी आधी लागते आणि आवाज मागून येतो. एलई ऑडिओ, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवरची आवाजाची नवी पद्धत, रुळला की फरक पडेल. तोवर स्वतःचा डोंगल असलेला किंवा चक्क वायरचा हेडसेट घ्या. दोन्ही प्रकार दुकानात लावून ठेवलेत, कानाला लावून बघा.

नुसत्या वायरलेसच्या त्रासासाठी नव्या कन्सोलची वाट बघणाऱ्यांना मी तरी 'थांबा' म्हणणार नाही. आधी कन्सोल कपाटातून बाहेर काढा. मांडणी जमत नसेल तर आमचा माणूस घरी येऊन करून देतो, वायरींना खुणा लावून.

फोटो दोन काढा, एक समोरून आणि एक मागून. मागचा जास्त कामाचा, त्यात पोर्ट आणि वायरी दिसल्या पाहिजेत. धूळ दिसली तर ओशाळू नका, आम्ही दिवसभर तीच पुसतो.