गिटारच्या साउंडबोर्डचा ताठपणा

अकूस्टिक गिटारची वरची फळी, म्हणजे साउंडबोर्ड, तारांच्या ओढीखाली किती लवते यावर वाद्याचा आवाज आणि आयुष्य दोन्ही ठरतात. स्टीलच्या सहा हलक्या तारांची एकूण ओढ सुमारे ७० ते ७५ किलो असते. फळी फार ताठ असेल तर आवाज बारीक आणि खर्ज दुबळा येतो. फार मऊ असेल तर ब्रिजमागे (ब्रिज म्हणजे फळीवर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) पोट सुटते, पुढची बाजू खचते आणि तारा उचलल्या जातात.

स्टीलच्या तारांसाठी स्प्रूसची (एक सूचिपर्णी लाकूड) फळी साधारण २.५ ते ३ मिमी, नायलॉनच्या तारांसाठी २ ते २.५ मिमी ठेवतात. मात्र कॅलिपरवर (जाडी मोजायचे साधन) आकडा आला म्हणून रंधा थांबवू नये. एकाच जातीच्या दोन फळ्याही सारख्या लवत नाहीत. शिवाय ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: जाडी १०% घटली की वजन १०% घटते, ताठपणा मात्र २७%.

म्हणून फळी लववून मोजावी. साउंडबोर्ड दोन अर्ध्या फळ्या जोडून होतो; जोडण्यापूर्वीची अर्धी फळी (२०० मिमी रुंद, ३ मिमी जाड) ५०० मिमी अंतरावरच्या दोन गोल दांड्यांवर ठेवावी. रेषे लांबीच्या दिशेने हवेत. मध्यावर आडवी पट्टी ठेवून, पट्टीसकट १ किलो भार द्यावा आणि डायल गेजने (बारीक सरक दाखवणारे काट्याचे मापक) लवण मोजावी. सुमारे ५.२ मिमी आली तर लवचिकता गुणांक (लाकडाच्या अंगच्या ताठपणाचे माप) ११ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे लाकूड उत्तम. ६.५ मिमी आली तर तेवढ्याच ताठपणासाठी ८% जास्त जाडी लागेल: पहिली फळी २.७ मिमीवर थांबवायची असेल तर ही २.९ वर. वार्षिक वलये पृष्ठभागाशी काटकोनात हवीत. ती कलली की आडवा ताठपणा झपाट्याने कोसळतो.

लाकूड आणि खोली ४० ते ५०% आर्द्रतेवर स्थिरावल्याशिवाय मोजमाप करू नये, फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्याही चिकटवू नयेत. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर चिकटवलेली फळी कोरड्या हवेत आकसून तडकू शकते.

उरलेला ताठपणा आतल्या एक्स आकाराच्या पट्ट्या देतात. त्या सुमारे ८ मिमी रुंद आणि छेदापाशी १५ मिमी उंच असतात. इथेही उंचीचा घनच लागू पडतो: १५ वरून १३.५ वर आणली की पट्टीचा पाव भागाहून जास्त ताठपणा जातो.

तारा चढवून सुरात आणल्यावर ब्रिज सुमारे २ अंश पुढे झुकावा. चढवण्याआधी आणि नंतर ब्रिजवर डिजिटल कोनमापक ठेवून फरक पाहावा. झुकाव फारच कमी असेल तर साउंडहोलमधून (फळीवरचे गोल भोक) हात घालून लहान रंध्याने पट्ट्यांची उंची थोडी कमी करता येते. बंद पेटीत ताठपणा वाढवणे मात्र फार कठीण. त्यामुळे पेटी बंद करताना पट्ट्या किंचित उंचच ठेवाव्यात.