सेंट लुशिया: दोन नोबेल आणि शाळेचा अरुंद दरवाजा

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशियाचं नाव निघालं की अर्थतज्ज्ञ आर्थर लुइस आणि कवी डेरेक वॉलकॉट या दोन नोबेल विजेत्यांचा उल्लेख होतोच. जेमतेम पावणेदोन लाख वस्तीच्या बेटाला हा मान मिळावा, याचं कौतुक वाटायलाच हवं. पण या बेटावर शाळा कुणाच्या वाट्याला आली, हे पाहिल्याशिवाय ते कौतुक अपुरं आहे.

मार्टिनिक आणि सेंट व्हिन्सेंट यांच्यामधलं हे बेट ज्वालामुखीतून घडलं. क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस किलोमीटर. नैऋत्येला सूफ्रिएर गावाजवळ पिटॉन नावाचे दोन सुळके समुद्रातून सरळ वर आले आहेत. २००४ मध्ये ते जागतिक वारसा ठरले. मधला भाग डोंगराळ आणि जंगलाचा, त्यामुळे वस्ती मुख्यतः किनाऱ्यालगत आणि राजधानी कॅस्ट्रीजभोवती.

या बेटासाठी फ्रेंच आणि इंग्रज दीडशे वर्षं झगडले. १८१४ च्या तहाने ते कायमचं ब्रिटिशांकडे गेलं. उसाच्या मळ्यांवर राबणारे आफ्रिकी गुलाम मात्र फ्रेंच शब्दांवर उभी राहिलेली क्वेयोल बोलत होते, आणि सत्ता बदलली तरी घरातली बोली तीच राहिली. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण उमेदवारीच्या, म्हणजे काम शिकण्याच्या नावाखाली तेच मजूर १८३८ पर्यंत मळ्यांना बांधलेले होते. १८५९ पासून भारतातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर आणले गेले. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

१८३८ मध्येच मायको संस्थेच्या शाळा सुरू झाल्या. शिकवणं इंग्रजीतून, संस्था प्रोटेस्टंट. मुलं क्वेयोल बोलणारी, घरं बहुतांशी कॅथलिक. घरी कधी न ऐकलेल्या भाषेत पहिलं अक्षर गिरवायचं, ही अडचण तिथूनची आहे. पुढे कॅथलिक शाळा वाढल्या. मुलग्यांसाठी सेंट मेरीज कॉलेज ही माध्यमिक शाळा १८९० मध्ये निघाली. दोन्ही नोबेल विजेते याच शाळेचे.

आर्थर लुइस यांचा जन्म २३ जानेवारी १९१५ चा. आईवडील शिक्षक. सात वर्षांचे असताना वडील गेले, पाच मुलांना आईने वाढवलं. चौदाव्या वर्षी शाळा संपवून ते सरकारी कारकून झाले, कारण शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायला वय कमी होतं. १९३२ मध्ये ती मिळाली. त्यांना इंजिनिअर व्हायचं होतं, पण काळ्या इंजिनिअरला ना सरकार नोकरी देणार होतं ना साखरेचे मळे. म्हणून ते लंडनला वाणिज्य शिकायला गेले आणि तिथून अर्थशास्त्राकडे वळले. शेतीतलं जास्तीचं मनुष्यबळ उद्योगांकडे कसं वळतं, हे मांडणारा त्यांचा १९५४ चा निबंध भारतातही विकासाचं अर्थशास्त्र शिकणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. नोबेल मिळालं १९७९ मध्ये, बेट स्वतंत्र झालं त्याच वर्षी. कवी डेरेक वॉलकॉट यांचा जन्मदिवसही २३ जानेवारीच, साल १९३०. त्यांचीही आई शिक्षिका, आणि वडील तान्हेपणीच गेलेले. त्यांना १९९२ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं.

दोन्ही घरांत आई कर्ती होती आणि पुस्तकं होती. केळीच्या बागांत राबणाऱ्या, क्वेयोलच बोलणाऱ्या घरातल्या मुलाला हे कुठून मिळणार? प्राथमिक शाळेनंतर माध्यमिकच्या जागाच इतक्या कमी होत्या की परीक्षेत मागे पडलेल्या मुलांचं शिक्षण तिथेच थांबायचं. प्रत्येक मुलाला माध्यमिक शाळेत जागा देण्याचं धोरण आलं ते २००६ मध्ये, लुइस यांच्या नोबेलनंतर सत्तावीस वर्षांनी.