"पूर्ण नाव सांगा ना" आणि बीपी

नागपुरात रूम शोधून पाहा एकदा. घरमालक नाव विचारतो, मग म्हणतो "पूर्ण नाव सांगा ना", आणि आडनाव ऐकलं की "अरे, कालच दिली ना भाऊ रूम". टू-लेटची पाटी मात्र पुढचे पंधरा दिवस गेटवरच. गडचिरोलीहून एमपीएससीच्या तयारीला आलेल्या पोरासोबत हे तीनचार वेळा झालं की झोप उडते, डोकं दुखतं, पुस्तक उघडून नुसता बसून राहतो. डॉक्टर 'अँग्झायटी' लिहून गोळी देतात. गोळी चूक आहे असं नाही म्हणत मी, पण रूमचं कोणी विचारलंच नाही.

अपमान होणार अशी नुसती शंका आली तरी मेंदू त्याला धोकाच समजतो, अॅड्रेनलिन, कॉर्टिसोल ही ताणाची हार्मोन्स वाढतात, छाती धडधडते. धोका टळला की सगळं खाली येतं. पण रोजच कुठे ना कुठे तेच होत असेल तर ते नीट खाली येतच नाही, आणि बीपी, शुगर, झोप सगळ्यावर त्याचा भार पडतो. मॅक्युएन आणि स्टेलर या संशोधकांनी १९९३ मध्ये या झिजेला 'अॅलोस्टॅटिक लोड' म्हटलं. त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकेत अर्लाइन जेरोनिमस या संशोधिकेनं मांडलं होतं की वंशभेद सोसून काळ्या बायकांची तब्येत वयाच्या आधीच झिजते. तिकडे रंग, इकडे आडनाव. दोन्ही एकच नाही, पण शरीराला कुठे फरक कळतो.

मनाच्या आजारांच्या शास्त्राचा स्वतःचा इतिहास पण काही धुतल्या तांदळासारखा नाही. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं गुलामांच्या पळून जाण्यालाच आजार ठरवलं, नाव दिलं 'ड्रेपटोमेनिया'! तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांनी वंशभेदातल्या आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली ती थेट २०२१ मध्ये. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की सामाजिक दर्जा बघून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, आणि उपचारात जातीवरून भेदभाव करता येत नाही. म्हणून "मनावर नको घेऊ रे" म्हणणाऱ्या समुपदेशकानं आधी स्वतःचं आडनाव आठवावं, त्याला रूम किती फेऱ्यांत मिळाली होती ते.

त्यात आपला मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर. बायपोलर आजारात (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी) लिथियम नावाचं औषध देतात, आणि घामानं अंगातलं पाणी, मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते, रक्तात ते वाढतं, हात थरथरतात, उलट्या होतात, कधी जिवावर बेततं. म्हणजे ज्याला आडनावामुळे टिनाच्या छताखालचीच खोली मिळाली त्याच्यासाठी तोच डोस जास्त धोक्याचा, आणि जात, भाडं, ऊन असं वेगवेगळं काढताच येत नाही मग.

माझ्या ओळखीची एक समुपदेशक आता पहिल्याच भेटीत विचारते, रूम कोणत्या मजल्यावर, कूलर आहे का, घरमालक कसा आहे. एक पोरगा म्हणाला, "कूलर आहे मॅडम, पण दुपारी मेन स्विच बंद करते ना तो, बिल येते म्हणून." तिनं ते फाइलमध्ये लिहिलं, डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, आणि दुसरी रूम बघायला सोशल वर्करला त्याच्यासोबत पाठवलं.