ॲमेझॉनची काळी माती

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यात मूळ रहिवाशांच्या वस्त्यांमुळे तयार झालेली, गडद काळ्या ते काळपट तपकिरी रंगाची, अतिशय सुपीक माती. ब्राझीलमध्ये ती ‘टेरा प्रेटा दे इंडिओ’, म्हणजे इंडियनांची (मूळ रहिवाशांची) काळी माती, या नावाने ओळखली जाते. तिचे बहुतेक थर सुमारे २,५०० ते ५०० वर्षांपूर्वीचे आहेत. ॲमेझॉनची उपनदी मदेइरा हिच्या वरच्या टप्प्यातील तेओतोनियो येथे मात्र अशी माती साधारण ६,५०० वर्षांपूर्वीपासून साचत आल्याचे दिसते. दख्खनच्या पठारावरची आपली काळी कापसाची जमीन बसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिथे माणूस आला तेव्हा ती तयारच होती. ॲमेझॉनमध्ये आधी माणसे आली, मग माती काळी झाली.

मूळ जमीन

घनदाट अरण्य पाहून खालची जमीन कसदार असेल असे वाटते. प्रत्यक्षात नद्यांच्या पुराबाहेरची उंचावरची जमीन, जी खोऱ्याचा बहुतेक भाग व्यापते, पिवळट-तांबडी आणि आम्लधर्मी आहे. लाखो वर्षांच्या पावसाने तिच्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेले आहे. फॉस्फरस थोडाच, आणि तोही मातीतल्या लोह व ॲल्युमिनियमला घट्ट चिकटलेला. मोकळे ॲल्युमिनियम पिकाच्या मुळांना अपाय करते. अरण्याचा कस मुख्यतः झाडांत आणि पालापाचोळ्यात असतो; पान पडले की ते कुजून लगेच मुळांत परत जाते. जंगल तोडून जाळले की राखेवर एक-दोन पिके बरी येतात आणि पुढे उत्पन्न झपाट्याने घटते.

नदीकाठच्या पूरमैदानांची गोष्ट वेगळी. अँडीज पर्वतातून आलेला गाळ तिथे दरवर्षी पसरतो, मासळी आणि कासवे मुबलक मिळतात. पण पाणी कित्येक मीटर चढते आणि शेत बुडते. म्हणून लोकांनी वस्तीसाठी बहुधा पूरमैदानाला लागून असलेल्या उंच दरडी निवडल्या. अन्न खालच्या पाण्यातून यायचे आणि मुक्काम वरच्या निकस जमिनीवर असायचा. काळ्या मातीचा उगम समजून घ्यायला ही मांडणी लक्षात ठेवावी लागते.

मातीचा छेद

ब्राझीलमधील मानाउस शहराजवळ रिओ नेग्रो आणि सोलिमोएस (ॲमेझॉनचाच वरचा प्रवाह) या नद्यांचा संगम आहे. तेथून जवळच, सोलिमोएसच्या उंच दरडीवर हाताहारा हे उत्खननस्थळ आहे. तिथल्यासारख्या खड्ड्याची उभी भिंत पाहिली तर वरचा थर काळाभोर दिसतो. अशा ठिकाणी त्याची जाडी काही वेळा दोन मीटरपर्यंत जाते. त्यात खापरांचे तुकडे दाटीने रुतलेले असतात. मध्येच माशांचे काटे, कासवाच्या कवचाचे तुकडे आणि कोळशाचे बारीक खडे दिसतात. खाली हा काळा रंग एका रेषेत संपत नाही. गांडुळांनी आणि बिळे करणाऱ्या प्राण्यांनी वरची माती खाली ओढलेली असते, त्यामुळे पिवळ्या चिकणमातीत काळे ठिपके आणि बोटे उतरलेली दिसतात. त्याहून खाली शुद्ध पिवळी माती लागते, तीच ज्यावर पहिले घर उभे राहिले होते.

शेजारच्या साध्या जमिनीच्या तुलनेत या मातीत फॉस्फरस, कॅल्शियम, जस्त आणि मँगेनीज कितीतरी अधिक असते आणि आम्लता कमी असते. जळून उरलेला कार्बन तर काही नमुन्यांत ७० पटींपर्यंत जास्त आढळला आहे. सुपीकपणा टिकण्याचे रहस्य या कार्बनमध्ये आहे. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तेव्हा पालापाचोळा उघड्यावर जळतो आणि मुख्यतः राख उरते. राखेचे बळ त्या हंगामापुरते. ॲमेझॉनमधल्या उकिरड्यांत आणि चुलींत ओला कचरा कमी हवेत, मंद आचेवर धुमसत राही, आणि त्यातून कोळसा बने. कोळसा शेकडो वर्षे कुजत नाही. काळ जाईल तसा त्याच्या कणांचा पृष्ठभाग बदलतो आणि पोषकद्रव्ये धरून ठेवू लागतो, त्यामुळे मुसळधार पावसातही ती सहज वाहून जात नाहीत.

फॉस्फरस आला मुख्यतः हाडांतून आणि माशांच्या काट्यांतून. अँडीजचा गाळ नदीत, नदीतून माशांत, माशांतून माणसाच्या ताटात आणि ताटातून दरडीवरच्या उकिरड्यात, असा हा प्रवास. जी खनिजे पावसाने लाखो वर्षे खाली वाहून नेली, ती माणसांनी रोजच्या जेवणातून पुन्हा वर आणली. पर्यावरणाने माणसाला नदीकाठी बसवले आणि माणसाने त्या काठाची जमीनच बदलली. अमेरिका खंडांच्या प्रागैतिहासात हे परस्परांना घडवणे इतक्या स्पष्टपणे क्वचितच हाताला लागते.

काळ्या मातीच्या ठिपक्यांभोवती पुष्कळदा तपकिरी मातीचा रुंद पट्टा असतो. त्यात खापरे जवळजवळ नसतात, कोळसा मात्र असतो. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोंब्रोक यांनी १९६६ मध्ये ती शेतीची जमीन असावी असे मांडले: मधे गाव, भोवती मुद्दाम सुधारलेली शेते.

हेतुपुरस्सर की आपोआप

ही माती जाणूनबुजून तयार केली, की कचऱ्यातून नकळत झाली, हा वाद जुना आहे. त्याचे सर्वांत चांगले उत्तर आज हयात असलेल्या लोकांकडून मिळाले. ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात, शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यात कुइकुरो लोक राहतात. त्यांच्या गावाच्या मधोमध मोठे गोल अंगण, त्याभोवती घरांचे कडे आणि प्रत्येक घराच्या परसात उकिरडा असतो. कसाव्याची (एक पिठूळ कंद) साले, मासळीचे उरलेसुरले, राख, कोळसा, झाडलोट सगळे तिथे पडते. काही वर्षांनी तोच उकिरडा लागवडीची जागा होतो. कसाव्याला हलकी जमीन चालते. ज्या पिकांना कस लागतो ती या काळ्या मातीत लावतात. शिवाय राख आणि कोळसा उचलून शेतात पसरण्याची रीतही त्यांच्यात आहे. या मातीला त्यांच्या भाषेत स्वतंत्र नाव आहे: ‘एएगेपे’. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आजच्या कुइकुरो गावाची माती आणि जवळच्या प्राचीन वस्त्यांची माती तपासली गेली. रचना आणि रसायन दोन्ही बाबतींत त्यांचे साम्य आढळले. काळी माती हे ठरवून केलेले काम होते, निदान पुष्कळ ठिकाणी तरी, असे यावरून म्हणता येते. सुरुवात उकिरड्यातूनच झाली असणार. पण उकिरड्यावर पीक जोमाने येते हे शेती करणाऱ्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

याविरुद्ध एक वेगळे मत २०२१ मध्ये मांडले गेले. काही ठिकाणचा फॉस्फरस आणि कॅल्शियम वस्तीपूर्वी नदीच्या गाळातून आले आणि लोकांनी आधीच सुपीक असलेली जागा निवडली, असे त्याचे म्हणणे आहे. अनेक पुरातत्त्वज्ञांनी आणि मृदाशास्त्रज्ञांनी ते खोडून काढले. पूर न पोहोचणाऱ्या उंच जागीही काळी माती सापडते, आणि ती वस्तीच्या आकारातच सापडते, हा त्यातला वजनदार मुद्दा.

‘निर्जन अरण्य’ या समजुतीचा इतिहास

१५४१-४२ मध्ये फ्रान्सिस्को दे ओरेयाना याची स्पॅनिश तुकडी अँडीजकडून निघून संपूर्ण नदी उतरत समुद्रापर्यंत गेली. तिच्याबरोबरचा धर्मगुरू गास्पार दे कार्वाखाल याने काठाने लांबच लांब पसरलेल्या दाट वस्त्यांचे वर्णन लिहिले. पुढच्या शतकांतल्या प्रवाशांना तिथे विरळ वस्तीच दिसली आणि कार्वाखालचे वर्णन बढाई म्हणून बाजूला पडले. मधल्या काळात देवी आणि गोवर यांसारख्या युरोपीय रोगांनी, गुलामगिरीने आणि सक्तीच्या स्थलांतरांनी गावेच्या गावे संपवली होती.

काळ्या मातीची नोंद १८७० च्या दशकात चार्ल्स हार्ट आणि हर्बर्ट स्मिथ या अमेरिकन अभ्यासकांनी केली. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांतून काही मळेवाले तापाजोस नदीच्या मुखाशी सांतारेम परिसरात येऊन राहिले होते. त्यांनी ऊस आणि तंबाखूसाठी नेमकी हीच जमीन पसंत केली. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यावर पुरातत्त्वज्ञ बेटी मेगर्स यांचा सिद्धांत प्रभावी ठरला. निकस मातीमुळे या अरण्यात मोठा, गुंतागुंतीचा समाज टिकूच शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुरातत्त्वज्ञ डोनल्ड लॅथ्रॅप यांनी त्याला विरोध केला आणि पुरातत्त्वज्ञ ॲना रूझवेल्ट यांच्या उत्खननांनी त्याचा पाया हलवला. ॲमेझॉनच्या मुखाशी असलेल्या माराजो बेटावरचे मातीचे प्रचंड उंचवटे आणि देखणी मृद्भांडी स्थानिक समाजाचीच निर्मिती असल्याचे त्यांनी दाखवले. सांतारेमजवळच्या तापेरिन्या येथील ७,००० वर्षांहून जुनी खापरे अमेरिका खंडांतील सर्वांत प्राचीन मृद्भांड्यांत गणली जातात. मेगर्स यांची मातीविषयीची माहिती बरोबर होती; माती बदलता येते ही शक्यता त्यांनी धरली नाही.

अरण्यावरचा ठसा

माणसाचा हात मातीपुरता थांबला नाही. बोलिव्हियातील ल्यानोस दे मोखोस या पाण्याखाली जाणाऱ्या गवताळ मैदानात झाडीची हजारो लहान बेटे आहेत आणि त्यांतली पुष्कळ माणसांच्या वस्तीतून उंचावलेली आहेत. तिथल्या मातीत सापडलेल्या वनस्पतींच्या सूक्ष्म सिलिका-कणांवरून सुमारे १०,३५० वर्षांपूर्वी कसावा, १०,२५० वर्षांपूर्वी भोपळा आणि ६,८५० वर्षांपूर्वी मका वापरात होता असे दिसते. आपल्याकडे उपवासाला चालणारा साबुदाणा याच कसाव्याच्या कंदापासून बनतो; खिचडीतला शेंगदाणाही मूळचा दक्षिण अमेरिकेचाच, आणि मिरची मूळची अमेरिका खंडांतली. या पिकांमागे ज्यांची हजारो वर्षांची मेहनत आहे, त्यांची आठवण आपल्या स्वयंपाकघरात क्वचितच निघते.

ब्राझील-बोलिव्हिया सीमेजवळच्या मोंते कास्तेलो येथे लोकांनी सुमारे ४,००० वर्षांपूर्वी स्थानिक रानभात निवडून लावायला सुरुवात केली आणि काळाच्या ओघात त्याचा दाणा मोठा होत गेला. आशिया आणि आफ्रिकेबाहेर भात माणसाळवल्याचे हे उदाहरण फारसे कोणाला माहीत नाही. युरोपीय आल्यानंतर हे ज्ञान नष्ट झाले.

ॲमेझॉनमध्ये वृक्षांच्या अंदाजे १६,००० जाती आहेत, पण निम्मी झाडे त्यांतल्या केवळ २२७ जातींची आहेत. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात, माणसाने कमीअधिक प्रमाणात माणसाळवलेल्या ८५ वृक्षजाती घेऊन त्यांची पाहणी केली. त्यांपैकी २० या २२७ भरघोस जातींत मोडतात, आणि प्राचीन वस्त्यांच्या आसपास या ८५ जातींचे प्रमाण वाढलेले दिसते. ब्राझील-नट, कोको, रबर, असाई (एक ताड) हे त्यांतले ओळखीचे. लोखंड नसताना दगडी कुऱ्हाडीने महावृक्ष पाडणे फार कष्टाचे होते. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी नवे रान साफ करण्यापेक्षा एकदा मोकळी केलेली जागा सुधारत राहणे आणि उपयोगी झाडे राखणे त्या लोकांना परवडे. ॲमेझॉनची सनातन पद्धत म्हणून दाखवली जाणारी फिरती शेती बऱ्याच अंशी युरोपीय लोखंडी कुऱ्हाडीनंतर फोफावली, हे भूगोलतज्ज्ञ विल्यम डेनेव्हन यांचे मत मला पटणारे आहे.

अर्थात सारे अरण्य ही माणसाने लावलेली बाग होती असे म्हणणे चुकीचे ठरेल. डोलोरेस पिपर्नो आणि क्रिस्टल मॅकमायकेल यांच्या संशोधनात, मोठ्या नद्यांपासून दूरच्या पश्चिम ॲमेझॉनमधील काही भागांत हजारो वर्षे जंगलात फारसा बदल झालेला आढळला नाही. काळ्या मातीचे एकूण क्षेत्र किती, यावरही अंदाज अरण्याच्या अर्ध्या टक्क्याहून कमी ते सुमारे तीन टक्के इतके लांबच लांब आहेत.

सद्यःस्थिती

आजही शेतकरी ही जमीन शोधून तिच्यावर पपई, मका, भाजीपाला घेतात, आणि काही ठिकाणी ती खणून विकलीही जाते. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन शेतातला काडीकचरा कमी हवेत जाळून ‘बायोचार’ तयार करण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत, पण नुसता कोळसा मिसळून काळी माती होत नाही. हाडे, राख, मलमूत्र, सूक्ष्मजीव आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा मुक्काम यांची जोड त्याला लागते.

ब्राझीलच्या १९६१ च्या कायद्यानुसार पुरातत्त्वीय स्थळांना संरक्षण आहे. स्थळ नोंदवले गेले तरच ते संरक्षण प्रत्यक्षात मागता येते. विमानातून लेझर किरण सोडून झाडीखालच्या जमिनीचा उंचसखलपणा मोजणाऱ्या लायडार तंत्राने हे काम वेगवान केले आहे. २०२३ च्या एका अंदाजानुसार अरण्याखाली अजून १०,००० हून अधिक मातीची बांधकामे नोंदीविना आहेत. पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो नेवेस यांच्या नेतृत्वाखालील ‘अमाझोनिया रेवेलादा’ हा प्रकल्प जंगलतोडीचा धोका असलेल्या भागांत, स्थानिक समाजांच्या संमतीने, असे सर्वेक्षण करतो, जेणेकरून नोंद झालेल्या स्थळांच्या आधारे त्या जमिनींच्या संरक्षणाला आणखी एक कायदेशीर बळ मिळावे.