नेटवर्कच्या दारावरची तपासणी

कार्यालयातील भिंतीवरच्या सॉकेटमध्ये केबल खोचली की नेटवर्क सुरू व्हावे, हे आपण गृहीत धरतो. पण केबलच्या या टोकाला कोणाचे उपकरण आहे, हे स्विचला, म्हणजे सगळ्या केबल जोडणाऱ्या यंत्राला, कसे कळावे? अनेक ठिकाणी अजूनही मॅक पत्त्यांची, म्हणजे नेटवर्क कार्डांच्या ४८ बिटांच्या क्रमांकांची यादी ठेवतात. हा क्रमांक लिनक्सवर एका कमांडने बदलता येतो, शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोनच खासगीपणासाठी प्रत्येक वायफायला वेगळा पत्ता दाखवतात. अशा यादीवर सुरक्षा सोपवणे चुकीचे आहे.

आयईईई या संस्थेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेले ८०२.१एक्स हे मानक उपकरणाकडे पुरावा मागते. ओळख पटेपर्यंत स्विचचे पोर्ट (केबल जोडायची जागा) फक्त ओळखीचे संदेश पुढे जाऊ देते; निर्णय स्विच घेत नाही, तो रेडियस सर्व्हर, म्हणजे ओळख तपासणारा मध्यवर्ती संगणक, घेतो आणि उपकरणाला कोणत्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या कोणत्या वेगळ्या कप्प्यात, ठेवायचे तेही सांगू शकतो. पुरावा म्हणून पासवर्ड चालतो, पण डिजिटल प्रमाणपत्र (विश्वासू संस्थेने सही केलेले ओळखपत्र) अधिक भक्कम, कारण त्याची खासगी किल्ली, म्हणजे त्याला जोडलेला गुप्त आकडा, उपकरणाबाहेर जातच नाही.

मानक एक असले तरी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमची तऱ्हा वेगळी आहे. विंडोजवर केबलच्या जोडणीसाठी ‘वायर्ड ऑटोकॉन्फिग’ ही सेवा मुद्दाम सुरू करावी लागते, तर मॅक आणि आयफोनवर प्रोफाइल, म्हणजे तयार सेटिंगची फाइल, बसवतात. कित्येक जुन्या प्रिंटरना हे मानक कळतच नाही. त्यांना मॅक पत्त्यावरच, पण वेगळ्या व्हीलॅनमध्ये घ्यावे लागते.

खरा धोका मात्र उलट्या दिशेची तपासणी राहून जाण्यात आहे. उपकरणानेही सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासायला हवे, नाहीतर त्याच नावाचे बनावट वायफाय उभारून कोणीही पासवर्ड काढून घेण्याचा प्रयत्न करू शकतो. लिनक्सवरील ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ या जोडणी करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंग फाइलमध्ये विश्वासार्ह प्रमाणपत्राची ओळ राहून गेली, तर जोडणी बिनतक्रार होते आणि तपासणी मात्र होत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. अँड्रॉइडवरचा ‘प्रमाणपत्र तपासू नका’ हा पर्याय गूगलने डिसेंबर २०२० मध्ये पिक्सेल फोनवरून काढला, तेव्हा अनेकांची गैरसोय झाली, तरी तो निर्णय योग्यच होता.

विद्यापीठांच्या ‘एज्युरोम’ या जागतिक वायफायमध्ये, जे भारतात अर्नेट ही शैक्षणिक नेटवर्कची संस्था चालवते, पाहुण्या विद्यार्थ्याची ओळख त्याच्या मूळ संस्थेचा सर्व्हर पटवतो. त्यामुळे तिथे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर पुरवला जातो, जो योग्य प्रमाणपत्र आणि सर्व्हरचे नाव आपणहून भरतो.